पटावरची माणसं

सोनईहून शिंगणापूर पाच-सहा किलोमीटर. तिथल्या घरांना दारं नसतात ही गोष्ट साऱ्या देशाला ठाऊक आहे, आणि २०११ साली युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा त्याचीही बातमी सगळीकडे झाली. आम्हाला त्याचं अप्रूप उरलेलं नाही. पाहुणे आले की दाखवायला न्यायचं, शनीला तेल वाहायचं, येताना रसवंतीवर थांबायचं. मात्र त्या गल्ल्यांतून जाताना मला दर वेळी एक गोष्ट टोचते. घरातलं किडुकमिडुक उघड्यावर टाकून झोपणारी माणसं ज्या तालुक्यात राहतात, त्याच तालुक्यात तलाठ्याचं दप्तर, पंचायत समितीचं कपाट आणि शाळेचं हजेरीपत्रक मात्र वर्षानुवर्षं कुलपात होतं.

त्या कुलपाला कायद्याचा आधार होता, शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. इंग्रजांनी तो केला हेरगिरीच्या धास्तीने. त्यातली कलमं गावात कुणी वाचली नव्हती, पण त्याचा वास प्रत्येक कचेरीत भरून राहिला होता. रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक मागितलं तर उत्तर मिळे, ‘ते देता येत नाही.’ का देता येत नाही विचारलं तर, ‘वरून आदेश नाही.’ वर म्हणजे कुठे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

खरं तर ऊस पिकवणाऱ्या माणसाला कागदाची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. गाडी काट्यावर चढते, आकडा दिसतो, पावती हातात पडते आणि त्या चिटोऱ्यावर वर्षाचं गणित उभं राहतं. ‘काटा मारणे’ हा शब्द साऱ्या राज्यात उगाच रुळलेला नाही. आणि आमच्या नेवाशाला तर लिहिलेल्या कागदाचं ऋण सातशे वर्षांचं आहे. पैस खांबाला टेकून ज्ञानोबांनी सांगितलं, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, अशी परंपरा सांगते. लिहून घेणाऱ्याचं नाव कुणाला चटकन आठवत नाही, तो भाग वेगळा.

तर ही गोष्ट त्या कुलपाची आहे. ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावाने कसं हलवलं, आणि कपाट उघडल्यावर आत काय निघालं, त्याची.

सुरुवात १९७२ पासून करायला हवी. त्या सालच्या दुष्काळाच्या आठवणी नगर जिल्ह्यात अजून जित्या आहेत. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, आणि दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेली चांगली बागायतदार घरंसुद्धा. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर उभी राहिली. पुढे तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हे वचन देणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, अशी कामं निघाली आणि प्रत्येक कामावर एक वही आली. तिला कुणी हजेरीपट म्हणे, कुणी इंग्रजी शब्दच उचलून ‘मस्टर’ म्हणे. मुकादम नाव पुकारणार, मजूर अंगठा उठवणार, आठवड्याने पगार. माणसं जगली ती या योजनेवर, हे आधी म्हटलं पाहिजे. त्यानंतर हेही म्हटलं पाहिजे की ‘खोटी मस्टरं’ हा शब्दही याच योजनेने मराठीला दिला. कामावर न आलेला हजर, परगावी गेलेला हजर, वारलेलासुद्धा हजर. गावात हे सगळ्यांना माहीत असे. दाखवून देता मात्र कुणालाच येत नसे, कारण दाखवायचं ते वहीत होतं आणि वही कपाटात.

हीच अडचण राजस्थानात मजुरांनी चव्हाट्यावर मांडली. तिथे १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटना सुरू झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही त्यातली पुढे आलेली नावं. १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना इथे त्यांनी पहिली जनसुनावणी घेतली. तिथे मस्टर मोठ्याने वाचून दाखवलं गेलं, एवढंच. ज्यांची नावं होती ती माणसं समोर बसलेली होती आणि आपण त्या कामावर गेलोच नव्हतो हे ती सांगत होती. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर शहरात याच मागणीसाठी चाळीस दिवसांचं धरणं झालं. घोषणेत ना पगारवाढ होती ना कर्जमाफी. सरकारी कागदाची नक्कल द्या, एवढीच मागणी. अशा मागणीसाठी मजूर चाळीस दिवस रस्त्यावर बसतात, हे दिल्लीच्या वर्तमानपत्रांना उमजायलाही वेळ लागला.

महाराष्ट्रात हा धागा पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने उचलला. अण्णा हजारे लष्करातून १९७५ साली गावी परतले, यादवबाबांच्या देवळात राहिले, पाणलोटाची कामं केली, हा इतिहास शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचला आहे. त्यापुढचा भाग जरा कमी सांगितला जातो. १९९१ मध्ये त्यांनी भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन उभं केलं आणि लवकरच त्यांच्या ध्यानात आलं की आरोप करायचा तर पुरावा लागतो, आणि पुरावा आरोपीच्याच कपाटात असतो. १९९८ मध्ये याचा चटका त्यांना स्वतःलाच बसला. युती सरकारातले समाजकल्याणमंत्री बबनराव घोलप यांनी बदनामीचा खटला भरला आणि हजारे यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. लोक इतके भडकले की सरकारलाच त्यांना सोडावं लागलं. पण मुद्दा शिल्लक राहिला.

१९९७ मध्येच मुंबईच्या आझाद मैदानावर माहितीच्या अधिकाराची मागणी घेऊन ते बसले होते. त्याच वर्षी तामिळनाडू आणि गोव्याने असे कायदे केले. गोव्यातल्या पत्रकारांनी तर मूळ मसुद्यातली त्यांना जाचक वाटणारी कलमं आंदोलन करून काढायला लावली. महाराष्ट्र मात्र रेंगाळला. मुख्यमंत्री मनोहर जोशी गेले, नारायण राणे आले आणि गेले, विलासराव देशमुख आले. पत्रं, मोर्चे, धरणी, दौरे, आश्वासनं, हे चक्र चालू राहिलं. २००० साली एक कायदा झाला खरा, पण त्यात काय मिळणार नाही याचीच यादी डोळ्यांत भरणारी होती. न देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षाच नसेल तर मागणाऱ्याने मागून करायचं काय? हजारे आणि त्यांच्याबरोबरची माणसं पुन्हा बसली.

२३ सप्टेंबर २००२ रोजी अध्यादेश निघाला. तो वाचताना आजही जाणवतं की याच्यामागे कुणीतरी कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेला माणूस असणार. पंधरा कामकाजाच्या दिवसांत माहिती द्यायची. उशीर केला तर दर दिवसाला अडीचशे रुपये दंड, तोही अधिकाऱ्याच्या खिशातून. अपील ऐकून घ्यायला वर लोकायुक्त. अडीचशे रुपये ही रक्कम मोठी नाही. तरी सरकारी नोकरीत स्वतःच्या पगारातून कापलं जाणं आणि ते सेवापुस्तकात दिसणं, या गोष्टीची भीती ज्याने नोकरी केली आहे त्यालाच कळेल. पुढे केंद्राच्या कायद्याने हाच आकडा उचलला.

अध्यादेशाचं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि तिथे पडून राहिलं. फाइल कुठे अडते हे विचारायचा अधिकार देणारी फाइलच अडली होती. हजारे यांनी तारीख जाहीर केली, ९ ऑगस्ट २००३. तारीख विचार करून निवडलेली. १९४२ च्या ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत काँग्रेसची कार्यकारिणी पकडली गेली आणि नेहरू, पटेल, आझाद यांना थेट नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं गेलं. नगरकराला ही तारीख विसरता येत नाही. ९ ऑगस्टला आझाद मैदानावर उपोषण सुरू झालं. १० ऑगस्टला राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची संमती आली, दुसऱ्या दिवशी कायदा राजपत्रात छापला गेला आणि २३ सप्टेंबर २००२ पासूनच लागू मानला गेला. सुशीलकुमार शिंदे तेव्हा मुख्यमंत्री होते.

त्याच उपोषणात आणखी एक मागणी होती, चार मंत्र्यांवरच्या आरोपांची चौकशी. त्यातून न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग बसला. २००५ च्या त्याच्या अहवालाने तिघा मंत्र्यांवर ठपका ठेवला, आणि खुद्द हजारे यांच्या हिंद स्वराज ट्रस्टने त्यांच्या वाढदिवसावर केलेल्या खर्चावरही ताशेरे ओढले. मला या प्रकरणातला हा तपशील फार मोलाचा वाटतो. ज्याने कपाट उघडायला लावलं त्याचंही कपाट उघडलं गेलं. भक्तांनी तो विसरायचा प्रयत्न केला, विरोधकांनी तेवढाच लक्षात ठेवला.

कायदा हाती येताच मुंबईत शैलेश गांधी यांनी पोलिसांच्या बदल्यांचे कागद मागवले. कोणत्या बदलीसाठी कोणत्या मंत्र्याची, आमदाराची शिफारसचिठ्ठी आली होती ते त्यातून बाहेर आलं. गावांत लोकांनी मागितलं ते साधं होतं. रेशनचा कोटा, रस्त्याच्या डांबराची जाडी, घरकुलाची यादी. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा देशभर लागू झाला आणि महाराष्ट्राचा त्यात विरून गेला. तेव्हापासून ‘जोडपत्र अ’ आणि त्यावर चिकटवलेला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प ही तालुक्याच्या गावची ओळखीची गोष्ट झाली. अर्ज लिहून देणारी माणसंही तयार झाली. त्यातली काही सचोटीची होती, काहींनी त्याचाच धंदा मांडला. पुढे राज्याने नियम काढला की अर्ज दीडशे शब्दांत बसवा आणि एकाच विषयावर करा. सरकारी परिपत्रकांनाही ही मर्यादा कुणी घालावी असं मला फार वाटतं.

आता शाळेकडे येतो, कारण कपाटातली सगळ्यात जुनी कुलपं तिथली.

शाळेच्या परीक्षेवर सरकारी पैसा टांगण्याची कल्पना आजची नाही. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. तपासनीस शाळेत यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा, जितकी उत्तीर्ण तितकं अनुदान. डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर या लांबलचक हुद्द्याचं गावाने ‘दिपोटी’ केलं. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जाई, शेजारच्या गावातली हुशार पोरं उसनी आणली जात, असे किस्से जुन्या मास्तरांच्या तोंडी आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. या पद्धतीवर सगळ्यात नेमकं बोट ठेवलं ते जोतीराव फुल्यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख घालून त्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं होतं की जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही अशा गरीब समाजात निकालावर पैसे देणं कामाचं नाही, कारण अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कुणा मास्तरचं पोट भरणार नाही. म्हणजे ज्या मुलांना शाळेची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याकडे कुणी फिरकणारच नाही. हे बोलणारा माणूस आणि त्याची बायको, दोघांचंही नगरशी नातं होतं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते नगरमध्ये, मिस फॅरार यांच्या शाळेत. स्वतः फुल्यांच्या पुण्यातल्या शाळांच्या परीक्षा जाहीरपणे, लोकांसमोर होत. घरातली हिशेबाची वही अंगणात आणून ठेवावी तसं ते होतं.

स्वातंत्र्यानंतर परीक्षा वाढल्या आणि जाहीरपणा आटला. दहावी-बारावीच्या निकालावर शंका आली तर बोर्डाकडे गुणपडताळणीचा अर्ज करायचा. कुणीतरी बेरीज पुन्हा करायचं आणि बहुतेक वेळा ‘बदल नाही’ असं कार्ड यायचं. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली उत्तरपत्रिका पुन्हा कधी त्याच्या डोळ्यांना दिसत नसे. सरकारच्या ताब्यातले बाकीचे कागद निदान सरकारने लिहिलेले असतात. हा कागद नागरिकाने लिहिलेला होता, आणि तोच त्याच्यापासून सगळ्यात कडेकोट राखलेला. बारावीच्या गुणांवर नाराज झालेल्या एका विद्यार्थ्याने माहितीच्या अधिकारात आपली उत्तरपत्रिका मागितली. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचं म्हणणं होतं की उत्तरपत्रिका आमच्याकडे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, ती दाखवता येणार नाही. ठेवीदारालाच ठेव दाखवायची नाही असा हा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. तपासणाऱ्याचं नाव झाका, पण ज्याची उत्तरपत्रिका त्याला ती पाहू द्या आणि नक्कल द्या, असा निकाल लागला. त्या दिवशीची तारीख होती ९ ऑगस्ट २०११. योगायोगच, पण नोंदवण्यासारखा.

त्याच वर्षी, दोन महिन्यांनी, महाराष्ट्राने स्वतःच्याच शाळांची परीक्षा घेतली. नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आधी आपल्या जिल्ह्यात कॉपीविरुद्ध मोहीम काढली होती. मग त्यांनी पटाकडे मोर्चा वळवला. पटावर किती आणि वर्गात किती, हे एकाच वेळी सगळ्या जिल्ह्यात मोजलं. जे निघालं ते पाहून पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारने ३, ४ आणि ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी घेतली. शाळेत शिक्षण खात्याबाहेरची माणसं आली. हजर मुलाच्या बोटाला मतदानाला लावतात तसली शाई लावली, म्हणजे तेच मूल दुपारी दुसऱ्या शाळेत मोजलं जाऊ नये. लहान पोरांना त्याचं भारी कौतुक. मतदानाच्या वयाच्या कितीतरी आधी त्यांचं बोट निळं झालं होतं.

तीन दिवसांत निष्पन्न झालं ते असं. पटावरची सुमारे वीस लाख मुलं जागेवर नव्हती. त्यातली काही खरोखर आजारी असतील, काही ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर कोप्यांवर असतील. आमच्या भागाला हे सांगायला नको, ऑक्टोबर म्हणजे टोळ्या हलायचे दिवस. पण वीस लाख ही संख्या आजारपणात बसत नव्हती. मुलांच्या संख्येवर संचमान्यता, संचमान्यतेवर शिक्षकांची पदं, पदांवर पगार, शिवाय पोषण आहाराचा तांदूळ, पुस्तकं, गणवेश. पटावरचं एकेक नाव म्हणजे दाण्याचं पोतं होतं. निम्म्याहून जास्त मुलं गायब असलेल्या शाळांची यादी निघाली, गुन्हे दाखल करा म्हणून औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका झाली, कारवाई वर्षानुवर्षं रखडली. १९७२ च्या मस्टरवरचा मुकादम आणि २०११ च्या पटावरचा संस्थाचालक यांत फरक कपड्यांचा.

यानंतर यंत्रणा संगणकावर गेली. विद्यार्थ्यांच्या नोंदींची ‘सरल’ आली, आधार जोडलं गेलं, शिक्षकांच्या पगाराला ‘शालार्थ’ आली. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात पायाभूत चाचण्या सुरू झाल्या आणि शाळा ‘प्रगत’ ठरू लागल्या. गुण मास्तरच भरायचे आणि प्रगतीही त्यावरूनच ठरायची. दुसरीचा परिच्छेद पाचवीच्या मुलाला वाचता येतो का, हे घरोघर जाऊन विचारणारा ‘असर’चा अहवाल ‘प्रथम’ संस्था २००५ पासून काढत होती, आणि त्याचं चित्र सरकारी रंगाशी नेहमी जुळत नसे. २०२१ च्या डिसेंबरात शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा बाहेर आला, राज्य परीक्षा परिषदेचे आयुक्तच अटकेत गेले, आणि पुढे सात हजार आठशेहून अधिक उमेदवार अपात्र ठरवले गेले. २०२५ मध्ये नागपूरला ‘शालार्थ’मध्येच बोगस आयडी घालून पगार काढल्याचं प्रकरण उघडलं. आधी खोटी मुलं, मग खोटे उत्तीर्ण, मग खोटे मास्तर.

इथपर्यंत लिहिल्यावर वाटतं, कागदावर माणूस वाढतोच. पण एका ठिकाणी तो घटतो. त्यासाठी समुद्राकडे जावं लागेल.

१७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसला निघाली. कोकणच्या किनाऱ्यावर स्वदेशीच्या काळात उभ्या राहिलेल्या कंपनीला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावं होती. त्यातली ‘तुकाराम’ ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात बुडाली होती, त्याच दिवशी ‘जयंती’ही. ‘रामदास’मध्ये सणाला घरी निघालेले अलिबाग, पेणकडचे चाकरमाने होते. बंदर सोडून अर्ध्या-पाऊण तासात, काशाच्या खडकाजवळ, वाऱ्यापावसात बोट कलंडली. बातमी मुंबईला कळायला दुपार उलटली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, पोहून आलेल्या माणसांनीच ती सांगितली असं म्हणतात. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतून माणसं भरली, ही आठवण तिकडे अजून सांगितली जाते. सहाशेहून अधिक माणसं गेली. नेमकी किती, याचे आकडे आजही एकमेकांशी जुळत नाहीत, कारण चढली किती हेच धड लिहिलेलं नव्हतं. तिकिटाची होती, बिनतिकिटाची होती, खलाशी होते, उपाहारगृहाची पोरं होती. एकोणतीस दिवसांनी देश स्वतंत्र झाला आणि त्या गजबजाटात ‘रामदास’ मागे पडली.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला, इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली. पंधरा माणसं गेली. चूक उघडपणे धडकणाऱ्या बोटीची होती. पण मागाहून कागद पाहिले तेव्हा ‘नीलकमल’चा परवाना चौऱ्याऐंशी प्रवासी आणि सहा खलाशांचा निघाला, आणि बोटीत शंभराहून जास्त माणसं होती. जॅकेटं बहुतेकांच्या अंगात नव्हती. त्याच्या सात महिने आधी, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी, उजनीच्या फुगवट्यावर कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. घारापुरीला निदान पर्यटक जातात. उजनी काय, कोयना काय, आमचा नाथसागर काय, धरणाने ज्यांचे रस्ते पाण्याखाली गेले त्या गावांना होडी म्हणजे एसटी. तिथे तिकीट नाही, यादी नाही, आणि परवान्यावर किती माणसं लिहिली आहेत हे विचारायचं असतं असंही कुणाला वाटत नाही.

हेच मला सांगायचं होतं. जिथे डोक्यागणिक पैसा मिळतो तिथे डोकी कागदावर वाढतात, आणि जिथे डोक्यागणिक मर्यादा असते तिथे ती कागदावरून नाहीशी होतात. नसलेला मजूर मस्टरवर होता, नसलेलं मूल पटावर होतं, आणि बोटीत असलेला माणूस कुठेच नव्हता. नोंदवहीची दोन्ही पानं तपासायची तर ती वही पाहता आली पाहिजे. राळेगणचा आग्रह इतकाच होता.

तो टिकवायला सोपा गेला नाही. २००६ मध्ये केंद्र सरकार फाइलींवरचे शेरे कायद्यातून वगळू पाहत होतं, तेव्हा हजारे पुन्हा ९ ऑगस्टलाच आळंदीत बसले आणि दहा दिवसांनी सरकारने माघार घेतली. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी तळेगावात सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनींचे कागद मागणारा माणूस होता तो. २०१९ मध्ये माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार केंद्राच्या हातात गेले. २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या आयोगांपुढे एक लाखाहून अधिक अपिलं पडून होती, आणि त्याच साली झालेल्या विदा संरक्षण कायद्याने ‘वैयक्तिक माहिती’ची ओळ इतकी रुंद केली की मस्टरवरचं नावसुद्धा तिच्याआड जाईल अशी धास्ती लोकांना वाटते. दुसरीकडे पुणे महापालिकेने २००९ पासून दर सोमवारी दुपारी तीन ते पाच फाइली कुणालाही बघायला खुल्या केल्या. अर्ज नको, स्टॅम्प नको.

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत सकाळी अकराच्या सुमारास गेलं तर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूने चौकट आखलेली दिसते. वार, दिनांक, पट, उपस्थित. बहुतेक ठिकाणी हे काम चौथीच्या मॉनिटरकडे असतं. तो उठतो, रांगांमधून बोट फिरवत मोजतो, मध्येच कुणी उशिरा आत शिरलं तर बाईंकडे बघतो, आणि ओल्या फडक्याने आधीचा आकडा पुसून नवा लिहितो.